दुःखात असलेल्या माणसाला नक्की कुठलं वचन सांगायचं? (जावेचा मुलगा गेलाय)

थोरली_नगर

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. इथे पहिल्यांदाच लिहितेय, जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा ऑगस्टमध्ये गेला. नऊ वर्षांचा होता. डेंग्यू झाला, प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. आता दोन महिने होत आले. दफनाच्या दिवसापासून घरात माणसांची रीघ लागलीय आणि जो येतो तो काहीतरी बोलून जातो. एक बाई म्हणाल्या देवाला चांगली फुलं आधी लागतात. दुसऱ्या म्हणाल्या अजून वय आहे, देव पुन्हा ओटी भरेल. एका काकांनी तर घरात कौटुंबिक प्रार्थना रोज होत होती ना, असं तिच्या तोंडावर विचारलं. दिराने मान खाली घातली ती ते उठून जाईपर्यंत वर केली नाही.

आणि मी तरी काय वेगळं केलं? मी महिला मंडळात वचन सांगते, वीस वर्षं सांगतेय, मला वाटलं मला जमेल. मी बायबल घेऊन गेले, तिच्याशेजारी बसले आणि १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ काढलं, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये ते. पुढचं तुतारीचं, प्रभूच्या येण्याचं, सगळं वाचलं. ती समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होती. त्या खिळ्याला त्याचं दप्तर अडकवलेलं आहे, दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात पाण्याची बाटली, आणि त्या बाटलीत तो शाळेत गेला त्या शेवटच्या दिवसाचं अर्धं पाणी अजून आहे, ती कुणाला ओतू देत नाही. माझं वाचून झालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ताई, मला आशा आहे. मला तो पाहिजे."

त्यानंतर तीन आठवडे मी तिच्याकडे गेलेले नाही. दोन गल्ल्या सोडून घर आहे आणि माझा पाय निघत नाही.

मला खरंच विचारायचंय. बायबल एकीकडे म्हणतं शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, दुसरीकडे म्हणतं सर्वदा आनंद करा, एकीकडे दहा लेकरं गेलेला ईयोब "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" म्हणतो आणि दोन अध्याय उलटले की तोच आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. मग मी जाऊन म्हणायचं काय? की जायचंच नाही?

शेवंता_मॅडम

ताई, आधी तुम्हाला मिठी. जायचं, नक्की जायचं.

तुम्ही ईयोबाचं काढलंत म्हणून त्यावरच लिहिते, मी दोन वर्षं हेच पुस्तक घेऊन बसलेय, कारण सांगत नाही. सगळे ईयोबाच्या मित्रांना नावं ठेवतात पण त्यांनी सुरुवात किती चांगली केली होती बघा (२:११ ते १३). अलीफज, बिल्दद, सोफर, तिघं आपापल्या गावाहून ठरवून निघाले, लांबून बघितलं तर मित्र ओळखूच येईना, मोठ्याने रडले, झगे फाडले, डोक्यावर धूळ उडवली आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. का, तर त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. मग ईयोब बोलला, देवावरचा राग बोलला, आणि तिथून या तिघांना राहवेना. देवाची बाजू सांभाळायला हवी असं वाटलं त्यांना. बिल्ददाचं ८:४ काढून वाचा, दहा लेकरं एका दिवसात गेलेल्या बापाला तो म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून त्यांना त्याचं फळ मिळालं. तुमच्या त्या काकांनी कौटुंबिक प्रार्थनेचं विचारलं ना, ते हेच.

आणि मला सगळ्यात हलवणारं ठिकाण पुढेच आहे. अलीफज जे बोलतो त्यातलं बरंचसं चुकीचं नाहीच! देव ज्याला शिक्षा करतो तो धन्य, असं तो ५:१७ मध्ये म्हणतो, तसंच नीतिसूत्रांत आहे, इब्रीकरांस १२ मध्येही आहे. ज्ञानी लोकांना देव त्यांच्याच धूर्तपणात धरतो हे त्याचं वाक्य तर प्रेषित पौलाने १ करिंथ ३:१९ मध्ये शास्त्रवचन म्हणून घेतलंय. म्हणजे वचन म्हणून खरं. तरी शेवटी (४२:७) देव त्याच अलीफजावर संतापतो की तू आणि तुझे दोन मित्र माझ्याविषयी ईयोबासारखं यथार्थ बोलला नाहीत, आणि सात गोऱ्हे सात एडके घेऊन ईयोबाकडे जा, तो तुमच्यासाठी प्रार्थना करेल. ज्याने आरडाओरडा केला तो बरोबर आणि ज्यांनी देवाची वकिली केली ते चूक.

मला यातून जे दिसलं ते असं की वचन कोण कुणाला म्हणतंय त्यावर सगळं आहे. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे ईयोब स्वतःबद्दल म्हणाला, स्वतःच्या लेकरांबद्दल, स्वतःच्या तोंडाने. तिथे ती उपासना आहे. तेच वाक्य सतरंजीवर बसून चहा पिणाऱ्या पाहुण्याने म्हटलं की तो अलीफज झाला. तुमची जाऊ उद्या स्वतःहून म्हणेल तर म्हणू दे, तुम्ही तिच्या वतीने म्हणू नका.

निवृत्त_पाळक

थोरल्या ताईंना सलाम. मी चौतीस वर्षं पाळक म्हणून काम केलं, त्यात लहान मुलांची दफनं किती केली ते मोजलेलं नाही. मला शेवंता मॅडमचं बरंचसं पटतं पण एक भीती वाटते म्हणून लिहितो, की या बोलण्यातून लोक आशेचं वचन सांगायलाच लाजायला लागतील. मंडळीने कबरेपाशी पुनरुत्थान सांगायचं नाही तर कुठे सांगायचं?

ताई, तुम्ही चुकीचं वचन वाचलं नाहीत. पण पौल कुणाला लिहितोय ते बघा. थेस्सलनीकातल्या नवीन मंडळीला धास्ती पडली होती की आपली जी माणसं प्रभू यायच्या आधी मेली ती मागे राहिली, त्यांचं काय. त्यांचा प्रश्न होता, त्याला पौलाने उत्तर दिलं. तुमच्या जावेचा तो प्रश्नच नव्हता. ती तुम्हाला म्हणाली ना, मला आशा आहे. आणि दुसरं म्हणजे आपण ते वाक्य "खेद करू नये" इथे तोडतो. पौल रडू नका असं म्हणत नाही, ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखं रडू नका म्हणतो. तोच पौल फिलिप्पै २:२७ मध्ये लिहितो की त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाला टेकला होता, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. हा सर्वदा आनंद करा लिहिणारा माणूस, आणि त्याच पत्रात! विश्वासासाठी दगडांनी मारलेल्या स्तेफनाला पुरलं तेव्हा (प्रे. कृत्ये ८:२) भक्तिमान लोकांनी त्याच्यासाठी फार शोक केला असं लिहिलंय. या लोकांना पुनरुत्थान आपल्यापेक्षा जास्त ताजं ठाऊक होतं, तरी ते धाय मोकलून रडले.

मी स्वतः तरुणपणी एका आईला कबरेपाशी म्हणालो होतो की आता रडू नका, साक्ष बिघडेल. तिने लगेच पदराने डोळे पुसले. ती बाई पुढे कित्येक वर्षं चर्चमध्ये माझ्यासमोर कधी रडली नाही आणि मला ते आजही टोचतं.

विजयी_जीवन

सर्वांचा आदर राखून सांगतो, आपण दुःखाला फार जागा देतोय. स्तोत्र ३७:२५ म्हणतं मी तरुण होतो आता म्हातारा झालो पण नीतिमान निराश्रित झालेला पाहिला नाही. अनुवाद २८ मध्ये आशीर्वाद आणि शाप स्पष्ट दिलेत. जिथे असं अचानक मरण येतं तिथे कुठेतरी पापाला दार उघडं राहिलेलं असतं, ते शोधून उपास-प्रार्थना करायला हवी. कुटुंबावर प्रेम आहे म्हणूनच सांगतोय.

निवृत्त_पाळक

बंधू, तुमचा हेतू चांगला आहे हे मानतो, पण हे त्या घरात जाऊन कृपा करून बोलू नका. योहान ९ मध्ये शिष्यांनी जन्मांधाविषयी हेच विचारलं, कोणी पाप केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी. येशू म्हणाला ह्यानेही नाही आणि आईबापांनीही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली त्यांचंही तेच, ते यरुशलेमात राहणाऱ्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का, मी सांगतो नाही. अनुवाद २८ आहे, ते इस्राएल राष्ट्राला देवाशी केलेल्या कराराविषयी सांगितलेलं आहे, ते मी पुसत नाही. पण त्याच बायबलात ईयोब पण ठेवलाय, आणि तो ठेवलाय तो असलं गणित मांडणाऱ्यांसाठीच.

रेवदंडा_ते_ठाणे

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू आहे, तुमच्या नव्या करारातलं मला फार कळत नाही, पण ईयोब आणि विलापगीत आमचंही आहे म्हणून बोलतो.

आमच्यात माणूस गेलं की जवळचे सात दिवस घरात खाली बसतात. भेटायला येणाऱ्याने आपणहून बोलायला सुरुवात करायची नाही, ज्याचं गेलंय तो बोलेपर्यंत गप्प बसायचं, आणि हा नियम ईयोबाच्या त्या सात दिवसांवरूनच काढलाय कारण आधी ईयोबाने तोंड उघडलं आणि मग मित्रांनी. दफनाहून आल्यावर पहिलं जेवण घरचं खायचं नाही, शेजाऱ्यांनी आणायचं, त्यात उकडलेलं अंडं असतं. माझे वडील गेले तेव्हा मी दारातच उभा होतो, वडिलांचे एक मित्र आले, माझ्या बाजूला भिंतीला टेकून बसले, चाळीस मिनिटं बसले असतील. मी काहीच बोललो नाही म्हणून तेही बोलले नाहीत. जाताना फक्त पाठीवर हात ठेवला. बाकी त्या आठवड्यात कोण काय बोललं ते आठवत नाही, तो हात आठवतो.

विलापगीत आम्ही वर्षातून एकदा, आमच्या आव महिन्याच्या नवमीला, यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या उपासाला खाली बसून वाचतो. कोकणातले आमचे जुने लोक त्याला बिरड्याचा सण म्हणायचे, कारण आधीचे दिवस मांसमच्छी बंद आणि वालाचं बिरडं असायचं. त्या पुस्तकात पाच अध्याय आहेत, त्यातले पहिले चार इब्री अक्षरमालेवर बांधलेत, बावीस अक्षरं क्रमाने, जणू आलेफपासून तावपर्यंत सगळं रडून घ्यायचं. पहिल्या अध्यायात यरुशलेम शहराविषयी एकच गोष्ट परत परत येते, तिचं सांत्वन करणारं कोणी नाही, तिचं सांत्वन करणारं कोणी नाही. शहर जळालं त्याचं दुःख आहेच पण जवळ बसायला कोणी नाही हे त्यावरचं दुःख आहे. आणि शेवटचं वचन इतकं कडू आहे की वाचणारे तिथे थांबत नाहीत, त्याच्या आधीचं, आम्हाला तुझ्याकडे परत फिरव हे वचन पुन्हा म्हणतात. पण कडू वचन गाळत नाहीत, ते पूर्ण वाचून मग मागे येतात.

शेवंता_मॅडम

दादा, हे फार सुंदर सांगितलंत. स्तोत्र ८८ पण असंच आहे, फक्त तिथे मागे यायलाही वचन नाही. बाकीच्या बहुतेक विलाप-स्तोत्रांत शेवटी तरी "तरी मी तुझी स्तुती करीन" येतं, ह्यात येत नाही, इब्रीमध्ये शेवटचा शब्दच अंधार आहे. आणि ते कोरहाच्या मुलांचं, म्हणजे गाणाऱ्यांचं स्तोत्र आहे, मंदिरात गायलेलं! आमच्याकडे कधी कुणी गात नाही.

वसईवाला

मी कॅथलिक आहे, बायको जाऊन चार वर्षं झाली, मुलगी तेव्हा पहिलीत होती. मी वचनांचं जाणकारांवर सोडतो, मला काय उपयोगी पडलं तेवढं सांगतो.

सगळ्यात वाईट वाटायचं ते "काही लागलं तर सांग" याचं. लोक मनापासून म्हणायचे पण मला काय लागतंय हेच मला कळत नव्हतं तर सांगणार काय. आमच्या समोरच्या ताई काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आल्या आणि मुलीच्या दोन वेण्या घालून गेल्या. रोज आल्या. जूनपर्यंत. एकदा मी रडत होतो तर त्या कंगवा घेऊन तशाच उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या रिबन कुठाय.

नंतर आमच्या फादरनी मला रूथचं पुस्तक वाचायला दिलं, चारच अध्याय आहेत. नामीचा नवरा गेला, दोन मुलगे गेले, ती बेथलेहेमला आली आणि म्हणाली मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू, मी भरलेली गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. हे ती बोलते तेव्हा सून रूथ शेजारी उभी आहे! सून म्हणू शकली असती की मी आहे की, रिकामी कशी. ती काहीच म्हणत नाही. शेतात जाते, सातू वेचते आणि दुपारी स्वतःला मिळालेल्या हुरड्यातला उरलेला भाग बांधून सासूला आणून देते. बायबलात डबा आणलेला मी तिथे बघितला. नामीला कुणी कडू होऊ नकोस म्हटलं नाही, तिला जेवायला घातलं.

ईयोबाच्या शेवटच्या अध्यायातही आहे बघा, भाऊबहिणी ओळखीचे सगळे त्याच्या घरी आले, त्याच्याबरोबर जेवले, सांत्वन केलं आणि प्रत्येकाने एक चांदीचं नाणं आणि एक सोन्याची अंगठी दिली. हॉस्पिटलची बिलं भरून झालेल्या माणसाला त्याचा अर्थ चांगला कळतो.

केडगावची_नात

आजी पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिमिशनमध्ये वाढली, तिच्याकडून ऐकलेल्या वातावरणात मी मोठी झाले म्हणून हे लिहिते. पंडिता रमाबाईंनी मूळ इब्री आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती बाई कोण होती बघा. दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. राहिली एकटी मुलगी मनोरमा, तीही जुलै १९२१ मध्ये गेली. आणि रमाबाई त्यानंतर नऊ महिन्यांतच, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्या शेवटच्या काळातही त्यांचं बायबलचं काम चालू होतं. मी त्यांचा ईयोब वाचते तेव्हा मला सारखं वाटतं की या बाईने प्रत्येक शब्दाला मराठी शब्द शोधला असेल तेव्हा तिला कुठला शब्द किती जड आहे ते वजन करून कळत असेल.

आणि ताई, योहान ११ वाचा. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी, भाऊ लाजर गेल्यावर, येशूला शब्द न शब्द एकच वाक्य म्हणतात, प्रभू, आपण इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मार्थाला तो उत्तर देतो, पुनरुत्थान व जीवन मीच आहे. मरीयेला उत्तर देत नाही, कबर कुठे आहे विचारतो आणि रडतो. वाक्य तेच, बाई वेगळी. मार्था बोलायला आली होती, ती पुढे बोलत राहिली. मरीया पायांवर पडली. पाळकसाहेबांचं आणि शेवंता मॅडमचं दोघांचं बरोबर आहे असं मला म्हणूनच वाटतं, फक्त समोर मार्था आहे की मरीया हे आधी बघायला लागतं. आणि तो पाच मिनिटांनी लाजराला उठवणार होता, हे त्याला माहीत होतं. तरी रडला.

निवृत्त_पाळक

मान्य आहे. मी इतकी वर्षं प्रत्येक घरात मार्थाचं उत्तर घेऊन गेलो.

अजून एक, २ राजे ४ मधली शूनेमकरीण, म्हणजे शूनेम गावची बाई. तिचा मुलगा आईच्या मांडीवर दुपारी मेला. ती अलीशा संदेष्ट्याकडे धावत गेली आणि त्याचे पाय धरले, त्याचा चाकर गेहजी तिला बाजूला ढकलायला आला, तेव्हा अलीशा म्हणाला, तिला राहू दे, तिच्या जिवाला फार क्लेश आहे आणि परमेश्वराने मला हे कळवलं नाही. संदेष्टा असून म्हणतो मला कळवलं नाही. ताई, तुम्ही जाऊन हे म्हणू शकता. मला कळत नाही गं, एवढंच.

थोरली_नगर

सगळ्यांचे आभार, नावं घेत बसत नाही. मी दोन दिवस हे परत परत वाचलं, मिस्टरांनाही वाचायला दिलं.

काल गेले. बायबल घरी ठेवलं, चपाती आणि बटाट्याची भाजी नेली. ती स्वयंपाकघरात खाली मेथी निवडत बसली होती, मी समोर बसले आणि जुडीतली अर्धी ओढून घेतली. बराच वेळ आम्ही दोघी नुसती मेथी निवडत होतो. माझ्या घशाशी तीनचार वचनं आली, खरं सांगते, सवय आहे ना, गिळली. मी म्हणाले, त्या दिवशी मी तुला वाचून दाखवलं, मला काय बोलावं ते कळलं नव्हतं, अजूनही कळत नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्ही यायच्या बंद झालात ते जास्त लागलं."

मग तिनेच सुरू केलं. त्याला मेथी आवडायची नाही, तो पानं चपातीखाली लपवायचा आणि ताट धुताना हिला सापडायची. भागाकार आला नाही की वहीचं ते पान डिंकाने चिकटवून टाकायचा, ते दप्तर उघडल्यावर हिला आत्ता कळलं, चार पानं चिकटवलेली निघाली. ते सांगताना हसली आणि मग जे रडायला लागली ते दीर बाहेरून आत येऊन उभे राहिले तरी थांबली नाही. मी पण रडले. दीरही बसले आमच्यात खाली.

बाटली तशीच आहे. मी काही बोलले नाही त्याबद्दल.

निघताना तिने विचारलं उद्या येताय का, म्हटलं येते. डबा तिच्याकडेच राहिलाय.